धुक्यातून येणाऱ्याला

माझी धाकटी बहीण इवालू घरी परत आली, त्या दिवशी ती येतेय हे आम्हाला माहीतच नव्हतं. सहा वर्षांची असताना छातीच्या आजारासाठी गोऱ्यांचं जहाज तिला दक्षिणेला घेऊन गेलं होतं. सात वर्षं झाली, ना निरोप ना पत्ता.

आमचा तळ गोठलेल्या समुद्रावर होता, पलीकडे उघडं पाणी. धुक्यात कुणी आलं की बाबा बंदूक रोखून विचारायचे, “इनुक?” म्हणजे, माणूस आहेस का, आपल्यातला? समोरून “इनुक!” आलं की बंदूक खाली. माणसाचं रूप घेऊन फिरणारे दुसरेही असतात आमच्याकडे. त्यांच्या तोंडून हा शब्द निघत नाही, असं बाबा मानायचे. त्यांचा सख्खा भाऊ न विचारता अशाच एकामागे गेला, तो गेलाच.

हा प्रश्न मामालाही चुकायचा नाही. तो चिडवायचा, “अहो दाजी, हे पोट बघा! भुताला एवढं पोट असतं का?”

“आधी बोल, मग पोट दाखव.”

त्या दुपारी कुत्री गुरगुरली. धुक्यात कुणीतरी उभं होतं. बारीक, अंगात आमच्याकडे कुणी घालत नाही तसला लांब कोट.

“इनुक?” बाबांनी दोनदा विचारलं.

बऱ्याच वेळाने बारीक आवाज आला, “एस्किमो.”

बाबांनी हा शब्द कधी ऐकला नव्हता. मी ऐकला होता. गोरा दुकानदार आम्हाला तेच म्हणतो, आणि माझं डोकं फिरतं. आपलं माणूस स्वतःला असं कशाला म्हणेल, याच विचारात मी राहिलो. “बाबा, थांबा!” म्हणेपर्यंत बार उडाला होता.

नेम चुकला. ती आकृती वळून उघड्या पाण्याकडे पळत सुटली.

“बघितलंस? बोलता येईना त्याला,” बाबा म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर चक्क समाधान होतं.

थोड्या वेळाने मामाची कुत्र्यांची गाडी आली.

“काय दाजी, पोरगी पोचली ना? गोऱ्यांनी चौकीवर आणून सोडलं होतं तिला. आपली भाषा पार विसरलीय हो! कुत्र्यांचे पट्टे गुंतले, म्हटलं तू हो पुढे, सरळच तर जायचंय. आणि बार कसला झाला? काय मारलंत?”

बंदूक फेकून बाबा पाण्याकडे धावले, “इवालू! इवालू!” ओरडत. पण सात वर्षं दक्षिणेत तिला कुठल्या नावाने हाक मारायचे, ते मामालाही माहीत नव्हतं.