वारेबाबांना वादळ आधी कसं कळायचं?

बाबांनी डोळे मिटले तशी मैदानातली गर्दी चिडीचूप झाली. बाबांचे ओठ थरथरले, मान डोलली आणि मग ते एकदम किंचाळले, "येतंय! समुद्रावरून येतंय!" आभाळ तर निरभ्र होतं. पण वादळाच्या बाबतीत वारेबाबांचा शब्द आजवर खोटा ठरला नव्हता. लोक घराकडे धावत सुटले. एक बाई मात्र तडक विमा कचेरीत आली, कारण तिथल्या खिडकीवर तिची धाकटी बहीण बसायची.

"माझ्या घराचा विमा काढ गं, आत्ताच्या आत्ता. बाबांनी सांगितलंय!"

"ताई, आज विक्री बंद आहे." धाकटी म्हणाली. "सकाळीच वरून हुकूम आलाय. समुद्रात वादळ उठून इकडे वळलं की ते ओसरेपर्यंत कंपनी नवा विमा देत नाही. नाहीतर सगळे वादळ बघूनच घेतील ना! किती वर्षं कानीकपाळी ओरडतेय मी तुझ्या?"

"बाबा आधी सांगतातच, तेव्हा काढू म्हटलं. उगाच हप्ते कशाला भरायचे?"

वादळ आलं आणि ताईचं घर पडलं. नवरा गेल्यावर लोकांचे कपडे शिवून शिवून तिने ते उभं केलं होतं. शिवणयंत्रसुद्धा भिंतीखाली गेलं. त्या चिखलात उभ्या बहिणीला बघून धाकटीला रडू आवरेना. तेवढ्यात बाबांचा पट्टशिष्य भोंगा घेऊन मिरवत आला. "बाबांनी सांगितलं होतं की नाही?"

धाकटी दचकली. हा आवाज तिच्या ओळखीचा होता. रोज सकाळी हाच गृहस्थ कचेरीत फोन करून "आज घराचा विमा मिळेल का?" विचारायचा आणि "मिळेल" म्हटलं की फोन ठेवून द्यायचा. या चिकट गिऱ्हाइकाची कचेरीत टिंगल चालायची.

पुढे विक्री सुरू झाली, तसा फोनही सुरू झाला. एका लख्ख सकाळी धाकटी म्हणाली, "आज बंद आहे हो." दुपारी बाबा मैदानात डोळे मिटून पुन्हा "येतंय!" म्हणून किंचाळले. लोकांनी छपरं दोरांनी बांधली, म्हाताऱ्यांना शाळेत हलवलं आणि वाट बघत बसले. साधी झुळूकही आली नाही.

"मी परतवलं त्याला!" बाबांनी ठणकावून सांगितलं.

"ते होतं कुठे परतवायला?" धाकटी गर्दीतून पुढे झाली. "तुमच्या शिष्याला फोनवर मी खोटं सांगितलं! लोकहो, वादळावर नजर ठेवायला कंपनीने माणसं नेमलीत. त्यांनी विक्री थांबवली की मगच बाबांना साक्षात्कार होतो. मग बाबांचं ऐकून धावणाऱ्याला विमा मिळणार कसा?"

शिष्याने मान खाली घातली. बाबा गाडीत बसले. तरी काहीजण हात जोडून गाडीमागे गेलेच.

ताई मात्र जागची हलली नाही. "तू सांगत होतीस गं," ती हळूच म्हणाली. "पण तू साधं बोलायचीस. डोळे उघडे ठेवून."

धाकटीने ताईचा हात धरला.

कुणी भविष्य सांगायला लागला, तर याला हे कळलं कुठून, एवढं तरी विचारा. असं विचारायला ना पैसा लागतो, ना शिक्षण. ताईने ते वेळेवर विचारलं नाही, आणि आज ती धाकट्या बहिणीच्या घरी, विचारल्याशिवाय खिडकीसुद्धा न उघडता, पाहुणीसारखी राहते आहे.