बनुबाईंच्या हातून घडलेलं आक्रीत

दूध नासलं, लाईट गेली, असल्या गोष्टींवर बनुबाई 'आक्रीत' हा शब्द खर्च करत नसत. माणसानं लाज सोडली, की मगच त्यांचं बोट हनुवटीवर जायचं आणि "आक्रीत गं बाई" बाहेर पडायचं. त्यांच्या सुनेला, साक्षीला, तो मान लग्नानंतर दुसऱ्याच दिवशी मिळाला. चारचौघांत नवऱ्याला "शिवतेज, पाणी दे" म्हणाली होती ना. नाव ते नाव, वर पाणी.

तर सासू-सून आणि बनुबाईंचे मालक, रिटायर हवालदार लालासाहेब, पेन्शनच्या कामाला साताऱ्याला आले होते. काम उरकून दोघी कडेगावच्या एसटीत बसल्या. मालक केळी घ्यायला उतरले आणि परत चढले ते शेजारच्या आटपाडीच्या गाडीत. तिकडं कंडक्टरनं डबल बेल दिली. मालकांचा फोन बनुबाईंच्या पिशवीत.

"आवं," खिडकीतनं त्या ओरडल्या. स्टँडवरचे निम्मे म्हातारे वळले. मालक तेवढे वळले नाहीत.

"आवं, ऐकताय का?" आता उरलेले निम्मे वळले. एक फेटेवाला तर "मला म्हणताय व्हय?" म्हणत जवळच आला.

साक्षीनं "मामा" म्हणून हाक मारली, तर दोन ड्रायव्हर आणि एक रिक्षावाला "काय गं?" म्हणाले. "आत्या, आता नावच घ्या," ती कळवळून म्हणाली. आटपाडीची गाडी हलली.

बनुबाईंनी डोळे गच्च मिटले.

"लालासाहेब!"

"हजर, साब," आटपाडीच्या गाडीतनं कडक आवाज आला. गाडी थांबली. केळी छातीशी धरून मालक उतरले आणि बघतच राहिले.

बनुबाईंचं बोट हनुवटीवर गेलं. "आक्रीत झालं गं साक्षी, माझ्याच हातनं," म्हणाल्या, आणि त्यांना असं हसू फुटलं की पदर तोंडात कोंबला तरी आवरेना. फेटेवालाही हसत होता, का ते त्याला ठाऊक नव्हतं.

मालक गाडीत चढले. कान लालबुंद. बनुबाईंनी शेजारी जागा धरली होती, ती ओलांडून ते थेट मागच्या बाकाकडं निघाले.

"आवं, हितं जागा हाय की."

"असू दे," ते लाजत म्हणाले. "मी मागं बसतो. काय लागलं तर हाक मार."

कऱ्हाड येईपर्यंत बनुबाईंना काही ना काही लागतच राहिलं.