बठ्ठं

“परत लई उनात का तुमी हाई डबडं?” हबीब तेच सामान पुन्हा घेऊन आलेला पाहून द्रौपदाबाई दारातच आडव्या उभ्या राहिल्या.

हबीबच्या दोन्ही हातांत मॉनिटर होता आणि तो पडू नये म्हणून त्याने वरून हनुवटी टेकवली होती, त्यामुळे त्याला नीट बोलताही येईना. मागे रिक्षावाला सीपीयू छातीशी धरून उभा. जळगावच्या पिंप्राळ्यातल्या त्या कॉलनीत एप्रिलचं ऊन असं पडलं होतं की कुत्रीसुद्धा गटारात पोट टेकून बसली होती.

“वहिनी, आधी मझार तं येऊ द्या. हात तुटी राहिनात मना.”

“त्या दिन कितला रडनात त्या. देखं ना तुमी?”

“देखं. म्हनीसनच परत उनू.”

आपला नवरा त्या दिवशी रडला म्हणूनच हबीब परत आलाय, हे ऐकून द्रौपदाबाई नरमल्या. त्या बाजूला झाल्या. तशीही ती बाई कुणाला दारातून परत पाठवणाऱ्यातली नव्हती, फक्त नवऱ्याच्या बाबतीत अलीकडे तिचं काळीज फार हलकं झालं होतं.

बन्सीलाल मास्तर कूलरसमोर खाटेवर बसले होते. पाठीशी दोन उशा, अंगात धुतलेला सदरा, दाढी केलेली. उजवा हात मांडीवर ठेवलेला होता, कुणी दुसऱ्याने सांभाळायला दिल्यासारखा. हबीबला पाहताच त्यांनी डावा हात वर केला.

“बठ्ठं,” ते म्हणाले.

“जयभीम, मास्तर,” हबीब म्हणाला आणि सवयीने उत्तराची वाट पाहत राहिला. ही दोघांची जुनी गंमत होती. हबीबने जयभीम म्हणायचं आणि मास्तरांनी सलाम. धुळ्याला एका गल्लीत राहायचे तेव्हापासून दोघांनी एकमेकांचा नमस्कार असा वाटून घेतला होता. पण मास्तरांनी पुन्हा “बठ्ठं” म्हटलं आणि हबीब वायरी सोडवायला खाली बसला.

दिवाळीनंतर मास्तरांना लकवा झाला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. म्हणजे अगदीच गेली असं नाही, एक शब्द उरला. बठ्ठं. सगळं. शाळेत तीस-पस्तीस वर्षं गणित शिकवलेला, बोलून बोलून खडूइतका झिजलेला माणूस, आणि त्याच्याकडे शिल्लक काय, तर घरच्या बोलीतला हा एक शब्द. भूक लागली की बठ्ठं. पाठ दुखली की बठ्ठं. जावई भेटायला आला तेव्हा त्याचा हात धरून बठ्ठं, बठ्ठं, बठ्ठं. द्रौपदाबाई सुरावरून ओळखायला शिकल्या होत्या. पण कधीकधी सूर लागायचा नाही, आणि मग त्या कंटाळून विचारायच्या, “काय बठ्ठं? बठ्ठं काय?” आणि मास्तर त्यांच्याकडे असे बघायचे की त्यांनी उत्तर केव्हाच दिलंय आणि ही बाईच बहिरी आहे.

डॉक्टरांनी सरळ सांगितलं होतं. “दोष जिभेचा नाही. आत शब्दच सापडत नाहीत त्यांना. एखादाच शब्द उरतो कधीकधी. सुधारेल असं वाटत नाही.”

हबीब तेव्हा सोबत होता. त्याने मान डोलावली आणि दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना ठरवून टाकलं की डॉक्टरला काही कळत नाही. उभा जन्म त्याने रेडिओ, टेप आणि टीव्ही दुरुस्त करण्यात घालवला होता. स्पीकर उडाला म्हणून कुणी सेट भंगारात देतं का? आवाज बाहेर पडत नाही एवढंच. आत सगळं चालू असणार. मास्तर आत आहेत, आणि त्यांना बाहेर यायला दुसरी वाट काढून द्यायची, एवढं साधं काम. मित्रासाठी माणूस इतकं वेडं होतं, त्यात नवल नाही.

ती वाट त्याला माहीत होती.

शहाऐंशी सालच्या सुमारास मास्तरांनी एक कॉम्प्युटर घेतला होता. साऱ्या जळगावात तेव्हा असले मोजकेच असतील. काळी, वहीएवढी पेटी, तिच्यावर रबराच्या कळा. टीव्हीला जोडायची आणि टेपरेकॉर्डरवरून कॅसेट लावून प्रोग्राम आत घालायचा. टेपचं हेड जरा वाकडं असलं की प्रोग्राम चढत नसे. म्हणून मास्तर रविवारी हबीबला बोलावून घ्यायचे, आणि स्क्रूड्रायव्हर घेऊन आलेला हबीब संध्याकाळपर्यंत तिथेच रमायचा. त्या पेटीची एक खोड होती. तिच्यावर अक्षरं जुळवून हुकूम लिहावा लागत नसे. एक कळ दाबली की एक अख्खा हुकूम पडद्यावर उमटे. पी दाबलं की प्रिंट. मशीनला काही बोलायला लावायचं तर आधी प्रिंट, मग अवतरणात आपलं म्हणणं, मग एंटर.

“बोलनं शे ना? तं पहिले पी,” मास्तर पोरांना सांगायचे. पण एखादं पोर घाईत पी दाबायचं आणि म्हणणं न लिहिताच एंटर मारायचं. मग पडद्यावर एक रिकामी ओळ पडायची आणि तळाशी मशीन ऐटीत लिहायचं, ओके. मास्तर पोट धरून हसायचे. “काहीच न बोलता सगळं ओके म्हणणारे दोघंच. एक हे, नि दुसरे आपले हेडमास्तर!”

पुढे ती पेटी उन्हाळ्याने म्हणा, वयाने म्हणा, बंद पडली. तिचा भाग कुठे मिळेना. “याना जीव गया, हबीब,” म्हणत मास्तरांनी ती कपाटावर ठेवून दिली, वरून टॉवेल घातला. अजून तिथेच होती.

आणि आता, इतक्या वर्षांनी, एका मासिकाबरोबर आलेल्या सीडीवर हबीबला एक प्रोग्राम सापडला. जुन्या मशीनचं सोंग घेणारा. नव्या कॉम्प्युटरवर तो चालवला की आतून जुनी पेटी बोलायला लागे. एक नाही, कितीतरी जुनी मशीनं त्याला येत होती, पण बहुरूप्यासारखं प्रत्येक सोंगाचं सामान वेगळं. प्रत्येक मशीनसाठी एक छोटी फाईल लिहायची, की मॉडेल कोणतं, मेमरी किती, कोणती कळ कशाच्या जागी, वेग किती. ती फाईल नीट असेल तर सोंग वठायचं, नाहीतर नुसता गोंधळ.

मागच्या आठवड्यात हबीबने तशी फाईल लिहून सामान इथे आणलं होतं. मॉडेल निवडताना त्याने मनाचा मोठेपणा केला. मास्तरांच्या पेटीला मेमरी कमी होती, त्याच घराण्यात नंतर आलेल्या मशीनला भरपूर. द्यायचंच तर चांगलं देऊ, म्हणून त्याने नंतरचं दिलं. मास्तरांनी पडदा पाहिला आणि त्यांचे डोळे लकाकले. डाव्या हाताचं बोट हवेत हललं, कळांवरून फिरलं आणि बरोबर पीवर आलं. हबीब पडद्याजवळ सरकला. बोट दाबलं गेलं.

पडद्यावर प्रिंट आलंच नाही. नुसतं एक बारकं पी आलं. नंतरच्या त्या मशीनवर हुकूम अक्षर अक्षर जुळवून लिहावा लागे, हे हबीबच्या ध्यानात नव्हतं. मास्तरांचं जड बोट कळेवरच राहिलं आणि पी पी पी करत ओळच्या ओळ भरली. मास्तरांनी बोट उचलून पुन्हा दाबलं. पुन्हा तेच. मग त्यांनी कीबोर्ड ढकलून दिला आणि “बठ्ठं” म्हणत असे रडले, की हबीबला वाटलं आपण या माणसाला लोकांत उघडं पाडलं.

घरी आल्यावर त्याला जेवण गेलं नाही. बायकोने, आबेदाने, विचारलं तर म्हणाला, “मास्तरचं काही चुकलं नाही. माझं चुकलं. मी त्यांना परक्या मशीनसमोर बसवलं.” आणि त्यानंतर रोज दुपारी दुकानाचं शटर अर्धं ओढून तो ती फाईल नव्याने लिहीत बसला. मॉडेल जुनं, मेमरी तीच थोडकी. कळ दाबून ठेवली तरी अक्षर एकदाच उमटावं, अशी सोय. वेगही जुनाच. फाईलचं नाव आठ अक्षरांच्या वर चालत नसे. त्याने इंग्रजीत बन्सीलाल लिहून पाहिलं तर ते बरोबर आठांत मावलं. एवढ्याशा गोष्टीने तो किती खूश झाला! त्याला तो शकुन वाटला.

आता त्याने वायरी जोडल्या, मॉनिटर स्टुलावर ठेवला, कीबोर्डखाली पाट सरकवला. पडदा पांढरा झाला. तळाशी कंपनीच्या नावाची ती जुनी काळी ओळ उमटली आणि मास्तर उशीवरून पुढे झाले.

द्रौपदाबाई स्वयंपाकघराच्या दाराशी उभ्या होत्या. पदराने हात पुसत त्या हळूच हबीबजवळ आल्या.

“हबीबभाऊ, माले दुसरं काहीच नको,” त्या अगदी खालच्या आवाजात म्हणाल्या. “मनं नाव तं ध्यानमा शे ना त्यासले? इतलंच माले देखनं शे.”

हबीबने त्यांच्याकडे पाहिलं. कॉलनीतले बाकीचे नवरे बायकांना ‘अवं’ म्हणून हाक मारत. मास्तर मात्र गल्लीच्या तोंडापासून “द्रौपदा!” म्हणून ओरडत यायचे, आणि शेजारच्या बायका तोंडाला पदर लावायच्या. द्रौपदाबाई लाजायच्या, चिडायच्या, आणि संध्याकाळी त्या हाकेची वाट बघायच्या. दिवाळीपासून त्यांना कुणी नावाने हाक मारली नव्हती.

“मास्तर,” हबीब म्हणाला, “वहिनीनं नाव लिखा. सावकाश. काय घाई नही.”

मास्तरांनी मान हलवली. समजलं होतं, हबीबने पैज लावली असती. बोट वर आलं. कळांवरून फिरलं. पीवर थांबलं आणि दाबलं गेलं.

पडद्यावर अख्खं प्रिंट उमटलं.

“बठ्ठं!” मास्तर म्हणाले. त्या एका शब्दात इतका आनंद होता की द्रौपदाबाईंनी झटकन हबीबचा दंड धरला. मास्तरांचा चेहरा उजळला, अर्धाच उजळला, पण त्या अर्ध्यात जुने मास्तर पूर्ण होते. ते पडद्याकडे बघत राहिले. ओठ हलत होते. बोट कळांवर तरंगत होतं, डावीकडे जाई, उजवीकडे येई, जरा खाली होई आणि पुन्हा वर. कूलर घरघरत होता. हबीब मनातल्या मनात म्हणत होता, आता अवतरण, मास्तर, मग डी. डी, मास्तर. डी तुमच्या बोटाखालीच आहे.

बोट खाली आलं आणि मास्तरांनी एंटर दाबलं.

पडद्यावर एक रिकामी ओळ पडली. तळाशी मशीनने लिहिलं, ओके.

हबीब त्या पांढऱ्या पडद्याकडे बघत राहिला. आता त्याच्याजवळ बदलायला एकही ओळ उरली नव्हती. मॉडेल बरोबर होतं, कळ बरोबर होती, वेग बरोबर होता. वाट अगदी दारापर्यंत साफ होती, आणि तिच्यावरून यायला आत कुणी नव्हतं. डॉक्टर बरोबर बोलला होता. हबीबला त्या डॉक्टरचा फार राग आला.

मास्तर मात्र मागे उशीला टेकले. सगळं सांगून झाल्यावर माणूस टेकतो तसे. त्यांनी बायकोकडे पाहिलं, डाव्या हाताने पडदा दाखवला आणि शांतपणे म्हणाले, “बठ्ठं.”

द्रौपदाबाईंना इंग्रजी येत नव्हतं. पण रिकामी जागा वाचायला इंग्रजी कशाला लागतं? त्यांनी पडद्याकडे नीट पाहिलं, वरपासून खालपर्यंत. हबीबचा दंड सोडला. मग त्या खाटेजवळ गेल्या आणि मास्तरांच्या ओठांच्या कोपऱ्यातून ओघळलेली लाळ पदराने टिपली.

“हां,” त्या म्हणाल्या. “वाचं मी. बठ्ठं वाचं.”

मास्तर समाधानाने हसले. द्रौपदाबाई चहा टाकायला आत गेल्या, आणि बराच वेळ आतून स्टोव्हचा आवाज काही आला नाही.

हबीबने सामान आवरायला हात घातला तर मास्तरांनी कीबोर्डवर तळहात ठेवला. मग त्याने ते तिथेच राहू दिलं. कॉम्प्युटर दुकानात दुरुस्तीला आलेला होता, पण गिऱ्हाईक काय म्हणेल ते म्हणेल. चपला घालून तो दारात थांबला. मास्तर पडद्यासमोर बसले होते, पी दाबत होते, एंटर दाबत होते, आणि मशीन दर वेळी त्यांना ओके म्हणत होतं.

“जयभीम, मास्तर.”

“बठ्ठं.”

“सलाम,” हबीब स्वतःच म्हणाला आणि उन्हात उतरला.