पडदा समोरून

आमच्या ह्यांनी जन्मभर नाट्यगृहाचा पडदा ओढला, पण तो वर जाताना समोरून कसा दिसतो ते एकदाही पाहिलं नाही. पडदा वर जायचा तेव्हा हे विंगेत दोराला लोंबकळलेले. एक दिवस सुट्टी घेऊन बघा म्हटलं की उत्तर ठरलेलं, "मग ओढणार कोण? तुझा भाऊ?"

आता ते नाट्यगृहच पाडायला घेतलंय. मागची भिंत गेली, उद्या रंगमंच जाणार. म्हणून मुकादमाच्या मागे लागून मी मजुरांच्या जेवणाच्या सुट्टीपुरती परवानगी मिळवली. पडदा मी ओढायचा, ह्यांनी बघायचा.

आत पाऊल टाकलं. बाल्कनीखालच्या चुन्याच्या पऱ्यांची नाकं झडलेली, सोनेरी रंगाचे पोपडे खुर्च्यांवर पडलेले, झुंबराच्या जागी नुसता हूक. लाल मखमली पडदा तेवढा होता, उंदरांनी कुरतडलेला, पण अजून ऐटीत. ह्यांनी पहिल्या रांगेतली खुर्ची रुमालाने पुसली आणि नव्या जावयासारखे अवघडून बसले.

मी विंगेत जाऊन दोर ओढला. पडदा गुडघाभर उचलला आणि अडला.

"अगं, झटके काय देतेस! अंगाचा भार टाक."

"टाकतेय की!"

"डावीकडची कप्पी लाडावलेली आहे. जरा सैल सोड, मग ओढ."

सैल सोडला, तर होता तोही खाली आला. झालं! हे उठलेच. कण्हत पायऱ्या चढून आले आणि माझ्या हातातून दोर घेतला.

"अहो, मग बघणार कोण?" माझा आवाज चढला. "एवढ्यासाठीच आलो ना आपण?"

"तू जा, समोर बस. रिकाम्या खुर्च्यांपुढे पडदा उघडायचा नसतो."

त्यांचा नियमच होता तो. मी चरफडत जाऊन बसले. डोळे भरून आले होते. माणसाची एवढी एक हौस, तीही हातची गेली.

मग पडदा हलला. कुठेही न अडता सरळ वर गेला, आणि पडक्या भिंतीतून दुपारचं ऊन थेट माझ्या मांडीवर आलं. इतकं सुंदर दिसत असेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

"कसं दिसतं गं?" विंगेतून आवाज आला.

"दोर बांधा आणि पुढे या, सांगते."

हे आले. रंगमंचाच्या मधोमध, उन्हात, धुळीने माखलेले. मी उभी राहिले आणि टाळ्या वाजवल्या.

टाळ्या ऐकताच हे लगबगीने दोराकडे वळले. टाळ्या पडल्या की पडदा टाकायचा, जन्माची सवय!

"अहो, टाकू नका! तुमच्यासाठीच आहेत त्या."

हे थांबले. मागे कुणी उभं आहे का, ते वळून बघितलं. कुणी नव्हतं. मग दोराविना हात कुठे ठेवावेत तेच त्यांना कळेना. मी टाळ्या थांबवल्या नाहीत.