जोतीरामचा जोड

प्रियदर्शनीने फ्रिज भिंतीपासून पुढे ओढला, त्याच्यामागे गुडघे टेकून बसली आणि तारेच्या ब्रशने नळी घासू लागली. एका बाजूने तांब्याची नळी येत होती, दुसऱ्या बाजूने ॲल्युमिनियमची. दोन्ही जिथे मिळत होत्या तिथे पांढरट चट्टा उठला होता. गॅस तिथूनच निघून गेला होता.

बसलिंगाप्पा सर स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून बघत होते.

"नुसतं बघायचं," त्यांच्या बायकोने, शांतव्वांनी, त्यांना आधीच बजावलं होतं. "मधी बोलायचं न्हाय. पोरगी काम करायला आलीय, परीक्षा द्यायला न्हाय."

सरांनी एकतीस वर्षं आयटीआयमध्ये रेफ्रिजरेशन शिकवलं होतं. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, तरी कळंब्यातल्या त्यांच्या गल्लीत सगळे त्यांना सरच म्हणत. फ्रिज थंड करेनासा झाला तेव्हा तो त्यांनीच तपासला, गळती शोधली आणि निकाल दिला की हा जोड आता होणार नाही, नवा फ्रिज घ्यायचा. तांबं आणि ॲल्युमिनियम ज्योतीवर जोडता येत नाही, हे त्यांनी फळ्यावर किती वेळा लिहिलं असेल याला गणती नव्हती. ॲल्युमिनियम तांब्याच्या आधीच वितळून जातं, आणि चिकटलं तरी टिकत नाही. शांतव्वांनी सगळं ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी शेजारणीकडून प्रियदर्शनीचा नंबर आणला.

तिने गॅसचा टॉर्च पेटवला. सरांना राहवलं नाही.

"ज्योत ॲल्युमिनियमवर नको."

"न्हाय लावत, सर. तांबं तापवतो नुसतं," ती मान न वळवता म्हणाली. कोल्हापूरच्या पोरी बोलतात तशी, करतो-जातो अशीच ती बोलत होती. "तांबं रंग बदलून सांगतंय तरी. हे ॲल्युमिनियम काय सांगत न्हाय. गप बसतंय आन् एकदम ढासळतंय."

ज्योत तांब्यावर मागे-पुढे फिरत राहिली. मग तिने झाळायच्या बारीक रॉडचं टोक जोडाला टेकवलं. टोक पाघळलं आणि चांदीच्या रंगाचा एक थेंब नळीभोवती आपसूक फिरून आला. तिने ज्योत बाजूला घेतली, जोड निवू दिला, ओल्या फडक्याने पुसला. मग गळती तपासायला नळीत नायट्रोजनचं प्रेशर देऊन वर साबणाचा फेस लावला.

सर खुर्चीवरून उठले. चष्मा नाकावर नीट बसवून ते तिच्या शेजारी खाली बसले, तिच्या हातातला ब्रश घेतला आणि स्वतः पुन्हा फेस लावला. दहा मिनिटं ते हलले नाहीत. एकही बुडबुडा आला नाही.

"कुणाकडं शिकलीस हे?"

"पेठ वडगावात. जोतीराम सरांकडं."

"जोतीराम म्हणजे... डावखुरा?"

"व्हय की! तुम्ही ओळखता?"

सर जोडावरचा फेस पुसत राहिले. गॅस भरून, सामान स्कूटीला अडकवून प्रियदर्शनी निघून गेली, तेव्हाही ते तिथेच होते. ओट्यावर त्यांचा चहा गार झाला होता.

"अय्यो, झालं काय तुम्हाला?" शांतव्वांनी विचारलं. "फ्रिज चालू झाला त्याचं दुःख हाय व्हय?"

मग त्यांनी सांगितलं. सत्त्याण्णव साली जोतीराम त्यांच्या वर्गात होता. प्रॅक्टिकलला प्रत्येकाने एक जोड करून आणायचा होता. बाकीच्यांनी तांब्याला तांबं जोडलं. याने कुठून तरी वेगळा रॉड मिळवून तांब्याला ॲल्युमिनियम जोडून आणलं. सरांना तो आगाऊपणा वाटला. जोड बुडवून गळती तपासायच्या पाण्याच्या टाकीकडे जाता जाता ते मध्येच थांबले, तो व्हाइसच्या पकडीत धरला आणि सगळ्यांसमोर मोडून टाकला. "हे असं होतं," ते वर्गाला म्हणाले आणि जोतीरामला नापास केलं. महिन्याभरात पोरगा आयटीआय सोडून गेला.

"एकदा पाण्यात घालून बघितलं असतं तर?" सर म्हणाले. "एवढं सोपं होतं."

सकाळी शांतव्वांनी इस्त्रीचा शर्ट काढून पलंगावर ठेवला.

पेठ वडगावला एसटीतून उतरल्यावर सरांना दुकान शोधायला वेळ लागला नाही. दारात कोडोलीच्या डेअरीचा दुधाचा कूलर उघडून ठेवला होता आणि शेचाळीस-सत्तेचाळीसचा एक जाडसर माणूस डाव्या हाताने त्याचे स्क्रू काढत होता. त्याने वर बघितलं. हातातला स्क्रूड्रायव्हर पँटला पुसला, का पुसला हे त्यालाही कळलं नसावं, आणि तो सरांच्या पायाशी वाकला.

"सर! तुम्ही? आणि असं उन्हात? फोन केला असता तर मी आलो नसतो व्हय?"

त्याने स्टूल झाडून पुढे केलं. पाणी आणलं. सरांनी ग्लास हातात घेतला, पण ओठाला लावला नाही.

"जोतीराम, मी एका कामासाठी आलोय. तू प्रॅक्टिकलला जोड आणला होतास. आठवतं?"

"आठवतं की."

"तो मी टाकीत घालून बघायला पाहिजे होता. न बघता मोडला. चूक माझी होती. तुझं नुकसान झालं."

बसमध्ये त्यांनी ही वाक्यं मनात चार-पाच वेळा म्हणून बघितली होती. जोतीराम मान खाली घालून ऐकत होता. मग त्याने मान खाजवली.

"सर, एक सांगू? रागवायचं न्हाय."

"सांग."

"तो जॉइंट लीक होता."

सरांनी ग्लास खाली ठेवला.

"आदल्या दिवशी घरात बादलीत बुडवून बघितलंतं. नुसतं बुडबुडं. दुसरं करायला रॉड शिल्लक न्हवता. मग त्याच्यावर पुट्टी थापली आन् वरनं चंदेरी रंग मारला. तुम्ही टाकीकडं निघाला तवा म्हटलं, आता सापडलो. पाण्यात घातला असता तर सगळ्या वर्गात मी लबाड ठरलो असतो. तुम्ही मधीच थांबला आन् मोडला." त्याने छातीवर हात ठेवला. "मी म्हटलं, सुटलो."

"आणि तू सोडून गेलास ते?"

"ते मामानं पुण्याला बर्फाच्या कारखान्यात चिकटवलं म्हणून. नापास झालतो हे तर मी घरात अजून सांगितलं न्हाय."

सर त्याच्याकडे बघत राहिले. आधी त्यांचे खांदे हलले. मग चष्मा काढून त्यांनी डोळे पुसले, आणि हसू थांबेना तेव्हा स्टुलाची कड धरली. जोतीराम आधी घाबरला, मग तोही हसू लागला. कूलरचा मालक गाडीवरून उतरून आत डोकावला आणि दोघांची तोंडं बघून बाहेरच थांबला.

"मग जमलं कधी?" सरांनी विचारलं.

"चार वर्षं गेली, सर. तांबं तापवायचं, ॲल्युमिनियम न्हाय, एवढं कळायला चार वर्षं. पोतंभर नळ्या गळल्या."

सरांनी शर्टच्या बाह्या वर दुमडल्या. "दाखव मला."

जोतीरामने दोन तुकडे घासून एकात एक बसवले आणि व्हाइसमध्ये लावले. टॉर्च पेटवून त्यांच्या हातात दिला. ज्योत बारीक करण्याची सवय सरांच्या बोटांना होती. त्यांनी ती तांब्यावर फिरवली. रॉड टेकवला. रॉड वितळेना, म्हणून त्यांनी ज्योत जराशी पुढे घेतली.

"सर, मागं. अजून मागं—"

ॲल्युमिनियमची नळी काही न सांगता वाकली आणि तिचं टोक टपकन फरशीवर पडलं.

जोतीरामने ड्रॉवरमधून दुसरा तुकडा काढला आणि घासायला घेतला. तेवढ्यात सरांचा फोन वाजला. शांतव्वांचा होता.

"भेटला का? काय म्हटला? जेवायला येताय न्हवं?"

सरांनी फरशीवरच्या त्या चकचकीत गोळ्याकडे बघितलं.

"तू जेवून घे," ते म्हणाले. "मी आत्ताच नापास झालोय. वेळ लागंल."