तोंडातल्या चुका

आमच्या दुकानातलं भूत रोज दुपारी जेवतं. भाजीत तिखट जास्त झालं तर कुरकुरतं. मला ठाऊक आहे, कारण डबा मीच नेऊन देते. भूत म्हणजे माझे थोरले दीर, चांगले धडधाकट. त्यांना मारलं माझ्या नवऱ्यानं, तेही दोन शब्दांत.

आमचं तसबिरी मढवायचं दुकान, दोघा भावांनी मिळून उभं केलेलं. मग आमच्या ह्यांनी, भावजींना न विचारता, फ्रेमचे कोपरे जोडायचं यंत्र आणलं. भावजी हातानं जोडणारे. त्यांनी यंत्राकडे एकदा पाहिलं, हातोडी उचलली आणि मागच्या गल्लीतल्या जिन्यानं वरच्या खोलीत जाऊन बसले. तिथेच काम, तिथेच झोप. भावाभावांत अबोला, आणि निरोप पोचवायला मी आहेच.

आता आमच्या ह्यांच्या तोंडात कायम चुका. चुका म्हणजे बारीक खिळे. मागचा पुठ्ठा अजून हातानंच ठोकावा लागतो. ओठांत मूठभर धरायच्या, एकेक काढून ठोकायची. अशा तोंडानं माणूस बोलणार किती? शाळेतल्या एक बाई त्यांची फ्रेम न्यायला आल्या आणि त्यांनी विचारलं, "तुमचे थोरले भाऊ दिसत नाहीत हल्ली?"

ह्यांनी बोट छताकडे केलं. "वर गेला."

बाईंनी भिंतीकडे पाहिलं. तिथे भावजींचा फोटो, नमुना म्हणून रुंद काळ्या फ्रेममध्ये लावलेला. बाईंचे डोळे भरून आले. तेवढ्यात छतातून आवाज आला : टक, टक, ठक. बाई फ्रेम तिथेच टाकून पळाल्या.

झालं! गावभर बोभाटा. आठवड्याभरात गोष्टीला हातपाय फुटले. थोरले म्हणे यंत्राचा धसका घेऊन गेले, अर्धी राहिलेली फ्रेम अजून ठोकतायत, आणि ती पुरी झाली की धाकट्याला घेऊन जाणार. माणसाला घाबरायची भारी हौस, त्यात फुकट असेल तर विचारूच नका. कुणी जुनं कॅलेंडर मढवायला आणलं, एका जोडप्यानं लग्नाचा फोटो दुसऱ्यांदा. सगळे छताकडे कान लावून उभे. टक झालं की एकमेकांचे दंड धरायचे, आणि पुन्हा कधी होतंय म्हणून थांबायचे.

"अहो, जिवंत माणूस आहे तो! सांगा ना लोकांना," मी म्हटलं.

"मी खोटं काय बोललो? गेलाय ना वर? खाली यावं, म्हणजे कळेल सगळ्यांना."

मला असा संताप आला! पण हा माणूस हट्टाला पेटला की भिंतीशी बोललेलं बरं.

मग एकदा भावजी गल्लीत पाणी भरायला उतरले आणि समोरून येणारी बाई किंचाळून पळाली. त्यांनी मला विचारलं. मी सगळं सांगून टाकलं. वाटलं, पोट धरून हसतील.

"लोक मला मेलेला समजतात," ते म्हणाले, "आणि हा गप्प बसतो?"

डबा त्यांनी उघडलासुद्धा नाही. मीही खाली येऊन ह्यांना अवाक्षर सांगितलं नाही. म्हटलं, कळू दे.

दुसऱ्या दिवशी दुकान भरलेलं, शाळेतल्या बाई मैत्रिणींना घेऊन आलेल्या, आणि छत गप्प. लोक कुजबुजायला लागले. "फ्रेम पुरी झाली वाटतं," बाई म्हणाल्या आणि सगळ्यांनी ह्यांच्याकडे पाहिलं.

हे छताकडे बघत होते. चेहरा पांढराफटक. एकदम सगळ्या चुका थुंकल्या, "दादा!" म्हणून ओरडले आणि अनवाणी गल्लीकडे धावले. मी मागोमाग.

भावजी स्टुलावर बसलेले, हातोडी मांडीत.

"ठोकत का नव्हतास?" ह्यांना धाप लागली होती.

"मेलेली माणसं ठोकत नाहीत."

हे तिथेच जमिनीवर बसले. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण ह्यांना रडताना मी पहिल्यांदाच पाहिलं. मलाही राहवलं नाही. "दादा, माझी चूक झाली," हे म्हणाले.

भावजींनी मांडीतली हातोडी उचलली. मग म्हणाले, "किती इंची?"

ते खाली आले तेव्हा दोघी-तिघी किंचाळल्या. शाळेतल्या बाईंनी त्यांना नीट निरखलं, दंडाला चिमटा काढून पाहिला आणि हिरमुसून म्हणाल्या, "म्हणजे भूत नाहीच का?" त्यांचं एवढं वाईट वाटलं की राहिलेली फ्रेम मी स्वतः बांधून दिली.

यंत्र आहे अजून. हातोडीही आहे, त्याच टेबलाच्या दुसऱ्या टोकाला. परवा एक नवीन गिऱ्हाईक भिंतीवरचा फोटो बघून म्हणालं, "हे कोण?"

आमच्या ह्यांनी हातातलं काम थांबवलं. तोंडातल्या चुका एकेक करून काढल्या, टेबलावर ठेवल्या, आणि मग बोलले.

"माझा मोठा भाऊ. हा काय, इथेच आहे."