ओरियानोंनी लावलेले टॅपेट

फट मोजायची वीस शतांशाची पाती आत जाईना. पंधराचीही गेली नाही. दहाची गेली, तीही दात आवळून बसलेल्या मुलाच्या तोंडात औषधाचा चमचा सारावा तशी. माझ्या मोटरसायकलच्या उजव्या सिलिंडरला, थंड इंजिनात, एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा रॉकर यांच्यामध्ये वीस शतांश मिलिमीटर फट हवी. मी पिस्टन पुन्हा वर आणून पाहिला, पाती पुसली, परत मोजलं. दहाच.

इनटेक व्हॉल्व्हला पंधरा हवी होती, पाच भरली. मग डावं सिलिंडर उघडलं. तिथेही दहा आणि पाच.

फाएन्झा शहरातल्या प्रयोगशाळेत अठ्ठावीस वर्षं मी भट्टीतून निघालेल्या फरशा मोजते आहे. आकडे इकडेतिकडे पांगले, तर कारण वस्तूत शोधायचं. सगळेच आकडे एका बाजूला तेवढेच सरकले, तर मोजणाऱ्याकडे पाहायचं. झिजेने चारही टॅपेट, म्हणजे ही फट ठरवणारे स्क्रू, बरोबर दहा दहा शतांश आवळले जात नाहीत.

आणि मोजणारे आमच्या गावचे गॅरेजवाले ओरियानो होते. एरवी माझे टॅपेट मीच लावते, पण गेल्या वसंतात माझं मनगट प्लास्टरमध्ये होतं. त्यांनी लावून दिले, वर एक पैसाही घेतला नाही. इंजिन इतकं शांत चालू लागलं की मी त्यांचं कौतुक केलं होतं. साऱ्या गावानेच केलं होतं. ओरियानोंच्या हातची गाडी म्हणजे शिवणयंत्र, असं म्हणायची वर्षभर पद्धत पडली होती. सैल टॅपेट खटखटून बोंब मारतो, आवळलेला गप्प बसतो. गप्प बसून व्हॉल्व्ह पुरता मिटू देत नाही, आणि लांब चढावर त्या व्हॉल्व्हची कड जळते.

दुसऱ्या दिवशी रविवार, मोटरसायकलींच्या आशीर्वादाचा. चौकात पाद्री पाणी शिंपडणार आणि मग चाळीस गाड्या डोंगर ओलांडून पलीकडच्या तोस्काना प्रांतात उतरणार. त्याच्या आदल्या शनिवारी इंजिन थंड हवं म्हणून लोक गाड्या चालू न करता, हाताने ढकलत ओरियानोंकडे नेतात. खालच्या गल्लीतून वर ढकलणाऱ्यांच्या शिव्या मला अंगणात ऐकू येत होत्या.

मी पात्यांचा जुडगा खिशात टाकला आणि निघाले. सव्वीस वर्षांची असताना मी या गावात आले, तेव्हा हाती एक पदवी आणि एक जुनी मोटरसायकल होती. बाकीच्या गॅरेजवाल्यांनी विचारलं, नवऱ्याची का गाडी? ओरियानोंनी काही विचारलं नाही. त्यांनी पाती माझ्या हातात दिली आणि स्वतःचे हात पाठीमागे बांधले. "ताज्या चीझमधून सुरी जाते तशी नको," ते म्हणाले, "जुन्या चीझमधून जाते तशीही नको. मधलं शोध." मला दोन तास लागले. त्यांनी जेवण थंड होऊ दिलं, पण हात सोडले नाहीत. पुढे प्रयोगशाळेत माझ्या मापांवर कुणाला शंका घ्यावी लागली नाही, त्याचं श्रेय मी विद्यापीठाला कधीच दिलं नाही.

गॅरेजमध्ये सात गाड्या उभ्या होत्या. ओरियानो चौथीवर वाकलेले. त्यांची बायको निवेस दारात गरम पियादीनांचं, भरलेल्या चपट्या रोट्यांचं, ताट घेऊन उभी होती.

"या डॉक्टरीणबाई," ओरियानो म्हणाले; पदवीवाल्या बाईला आमच्याकडे असंच म्हणतात. "ढकलायची लाज वाटली म्हणून गाडी घरी ठेवली?"

"तुम्हालाच भेटायला आले."

"भेट, भेट," निवेस म्हणाली. "आणि विचार त्याला, दुकान कधी बंद करणार. दोन वर्षं विचारतेय मी. आशीर्वाद होऊ दे, म्हणतो. दोन आशीर्वाद झाले! परवा पाव कापताना बोट कापून घेतलं. टेबलावर रक्त मला दिसलं, तेव्हा याला कळलं."

"सुरीला धार होती."

"सुरीला धार होती आणि तुझ्या रक्तात साखर. पायाची बोटं बधिर, आता हाताची. डॉक्टर सांगतोय ते खोटं का?"

"सुया टोचण्याचे पैसे घेतो तो. बोलणारच." ते हसले. मी हसू शकले नाही. निवेस ताट ठेवून आत गेली.

त्यांनी लावून झालेली एखादी गाडी मी तिथल्या तिथे मोजू शकले असते. पण त्यांच्या पाठीमागे मोजायचं मला जमेना.

"ओरियानो, एक टॅपेट मी लावू? तुम्ही तपासा."

"परीक्षा द्यायचीय? तीस वर्षांनी?"

"द्यायचीय."

मी त्या चौथ्या गाडीच्या एक्झॉस्टचा चेकनट, स्क्रू जागी धरणारा, सैल केला, वीसची पाती घातली आणि स्क्रू फिरवत नेला. बरोबर मधल्या जागी आला तेव्हा थांबले. "बघा."

त्यांनी पातीचं टोक चिमटीत धरून मागेपुढे केलं. "सैल. काहीच लागत नाही. मनगटासोबत अक्कलही मोडली का?"

मी स्क्रू आणखी आवळला. पाती अशी धरली गेली की माझ्या हाताने हलताना कुरकुरली. "आता?"

त्यांनी जोर लावून ओढली. "हां. आता बरोबर."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग पातीकडे. धातूवर ओढीची ताजी रेघ उठली होती, ती त्यांना दिसली. इंजिनाच्या बाबतीत त्या माणसाला कधी दोनदा सांगावं लागलेलं नाही.

"तुझ्या गाडीचं किती भरलं?"

"दहा आणि पाच. दोन्हीकडे."

ते स्टुलावर बसले. अंगठ्याने बोटांची टोकं एकेक करून दाबली, जशी टरबुजं दाबून बघतात. "म्हणजे गेल्या वर्षभराच्या सगळ्या," ते म्हणाले. "आणि या तीन." त्यांनी सकाळपासून लावून ठेवलेल्या गाड्यांकडे पाहिलं. "उद्या ही पोरं घाट चढणार होती, बाई."

"अजून चढलेली नाहीत."

"सगळे म्हणायचे, वा, किती शांत. मीही फुगायचो." त्यांनी कपड्याने हात पुसले, स्वच्छ असलेले. "तू कुणाला न सांगता आधी इथे आलीस."

"माझा हात तुम्ही घडवलात. मी दुसरीकडे कुठे जाणार?" तीस वर्षांत हे मी त्यांना कधी म्हटलं नव्हतं. मला वाटायचं, त्यांना ठाऊक असेल. त्यांच्या चेहऱ्यावरून दिसलं की ठाऊक नव्हतं.

"बरं झालं, पोरी," ते म्हणाले. मग आतल्या बाजूला ओरडले, "निवेस! गेल्या वर्षी ज्यांच्या ज्यांच्या गाड्या मी केल्या, त्या सगळ्यांना फोन लाव. ढकलत आणा म्हणावं. कुणी चालू केली तर मी कान उपटीन."

आम्ही दुपारभर काम केलं. ते चाक फिरवून पिस्टन वर आणायचे, मी पाती घालायचे. चेकनट आवळताना स्क्रू किंचित सरकतो, तो किती सरकेल हे ते आधीच सांगायचे आणि तेवढंच व्हायचं. बोटं गेली होती, बाकी सगळं जागेवर होतं. खाऊन घेतलं तेही उभ्यानेच, त्यांनी अर्धी पियादीना माझ्या तेलकट हातात कोंबली म्हणून.

पाचच्या सुमारास लोक गाड्या न्यायला आले. सेकोंदो, म्हणजे नावाने दुसरा पण रांगेत कायम पहिला, त्याने किक मारली आणि भुवया चढवल्या.

"हे काय, खटखटतंय! डॉक्टरीणबाईंनी हात लावला वाटतं. ओरियानो, मला तुमचं शिवणयंत्र परत द्या बुवा!"

दोघे-तिघे हसले. मी तोंड उघडणार तेवढ्यात ओरियानोंनी हात वर केला. निवेस फोन ठेवून दारात आली होती. ते स्टुलावरून उठले.

"खटखटतंय ते बरोबर आहे," ते म्हणाले. "शांत होतं ते चुकीचं होतं, आणि ते मी केलं होतं. माझ्या बोटांना आता लागत नाही. हिने येऊन दाखवलं म्हणून उद्या तुम्ही सगळे घरी परताल. निवेस, तूही ऐक. टॅपेट मी आजपासून लावणार नाही, आणि जूनअखेर दुकान बंद."